विल्यम जोन्स म्हणजे नेमके कोण?

वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी 'पाय' हे ग्रीक अक्षर १७०६ साली प्रथम वापरले ते विल्यम जोन्स यांनी. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच उगमातून निघालेल्या असाव्यात, असे १७८६ मध्ये कोलकात्यात सांगितले तेही विल्यम जोन्स यांनी. दक्षिण आफ्रिकेतील रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत १८७९ साली जळत्या रुग्णालयातून आजाऱ्यांना बाहेर काढून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा शिपाई विल्यम जोन्स होता, आणि तैपेई येथे १९७७ पासून भरवल्या जाणाऱ्या बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे नावही विल्यम जोन्स चषक असे आहे. ही सगळी माणसे अर्थातच वेगवेगळी आहेत. पहिली दोन तर वडील आणि मुलगा आहेत.

एकाच नावाची इतकी माणसे कशी होतात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. नाव लोकप्रिय असेल म्हणून ठेवले, एवढे उत्तर आपण देऊन मोकळे होतो. परंतु जोन्स या आडनावाच्या बाबतीत खरे कारण लोकांच्या आवडीनिवडीत नसून नाव ठेवण्याच्या एका जुन्या पद्धतीत आणि ती पद्धत मध्येच थांबवली जाण्यात आहे. ते समजून घेण्यासाठी ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या प्रदेशात जावे लागते, कारण या नावाची मुळे तेथे आहेत.

जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हते. माणसाची ओळख त्याच्या स्वतःच्या नावाने आणि बापाच्या नावाने होत असे, आणि त्या दोहोंच्या मध्ये 'अप' किंवा स्वरापूर्वी 'अब', म्हणजे 'चा मुलगा', हा शब्द येत असे. रीसचा मुलगा 'अप रीस', ओवेनचा मुलगा 'अब ओवेन'. गरज पडल्यास आजोबा आणि पणजोबा यांची नावेही पुढे जोडली जात. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मधल्या जागी असते आणि त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या न बदलणारे आडनाव येते. वेल्श माणसाजवळ ते शेवटचे आडनाव नव्हतेच, त्यामुळे बापाचे नाव हेच त्याच्या ओळखीचे शेवटचे टोक होते आणि ते प्रत्येक पिढीत बदलत असे. या पद्धतीत एकच नाव दोन माणसांना असले तरी बापाचे आणि आजोबांचे नाव वेगळे निघण्याची शक्यता चांगली असे, आणि वंशावळ तोंडपाठ असणाऱ्या समाजात एवढे पुरेसे होते.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत वेल्स कायद्याने इंग्लंडशी जोडला गेला आणि न्यायालये, करवसुली व दस्तऐवज यांचा कारभार इंग्रजी पद्धतीने चालू लागला. इंग्रजी दप्तराला एक ठरलेले, वारशाने पुढे जाणारे आडनाव हवे होते. सरदार आणि जमीनदार घराण्यांनी ते आधी स्वीकारले. खेड्यापाड्यांतील सामान्य लोकांत मात्र जुनी पद्धत अठराव्या शतकात आणि काही भागांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत टिकून राहिली. आडनाव स्वीकारण्याची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी हाताशी असलेले बापाचे नावच कायम केले. कुठे 'अप' नावाला चिकटून एक नवा शब्द तयार झाला: अप रीसचे प्राइस, अप हॉवेलचे पॉवेल, अप रिचर्डचे प्रिचर्ड, अब ओवेनचे बोवेन. परंतु अधिक रूढ झाला तो इंग्रजीतील षष्ठीचा 'स' जोडण्याचा मार्ग. विल्यमचा तो विल्यम्स, इव्हानचा तो इव्हान्स, डेव्हिडचा तो डेव्हिस, आणि जॉनचा तो जोन्स.

हे सारे एकाच घरात घडताना पाहायचे असेल, तर 'पाय'वाल्या विल्यम जोन्स यांचे घर पाहावे. त्यांचा जन्म १६७५ साली वेल्सच्या वायव्येकडील अँगलसी बेटावर एका साध्या शेतकरी कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांना शॉन शोर म्हणत, म्हणजे इंग्रजी वळणाने जॉन जॉर्ज. मुलाने जुन्या रीतीप्रमाणे बापाचे पहिले नाव आपले शेवटचे नाव म्हणून घेतले आणि शॉनचा, म्हणजे जॉनचा, मुलगा विल्यम हा विल्यम जोन्स झाला. पुढे ते लंडनला गेले, गणित शिकवू लागले, न्यूटन आणि हॅली यांच्या वर्तुळात वावरले आणि रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १७४६ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याचेही नाव विल्यम ठेवण्यात आले. अँगलसीची रीत चालू राहिली असती, तर हा मुलगा विल्यमचा मुलगा विल्यम, अर्थात विल्यम विल्यम्स, झाला असता. परंतु आता कुटुंब लंडनमध्ये होते, आडनाव गोठलेले होते, आणि म्हणून तोही विल्यम जोन्सच झाला. आजोबांचे पहिले नाव, ज्यांना नातवाने कधी पाहिले नसावे, ते या मुलाबरोबर पुढे भारतापर्यंत आले.

या तीन पिढ्यांत जे घडले तेच हजारो घरांत घडले, आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे. बदलते नाव बदलायचे थांबले, त्या क्षणी ज्यांच्या ज्यांच्या बापाचे नाव जॉन होते ते सगळे आणि त्यांचे सर्व वंशज कायमचे जोन्स झाले, मग त्यांचा एकमेकांशी काडीचाही रक्तसंबंध असो वा नसो. त्या काळापर्यंत वेल्समधील जुनी, वैविध्यपूर्ण नावे मागे पडून जॉन, विल्यम, थॉमस, डेव्हिड, रॉबर्ट अशी थोडी नावेच मोठ्या प्रमाणावर ठेवली जाऊ लागली होती. त्यामुळे आडनावेही थोडीच निर्माण झाली, आणि त्या थोड्या आडनावांपुढे पुन्हा तीच थोडी पहिली नावे लागू लागली.

याचा परिणाम किती मोठा होतो, हे साध्या गणिताने कळते. केवळ उदाहरणादाखल असे समजू की एखाद्या भागात दहा हजार पुरुष आहेत, त्यांपैकी दहांत एकाचे आडनाव जोन्स आहे आणि आठांत एकाचे नाव विल्यम आहे. दहा हजारांचा दहावा भाग म्हणजे एक हजार, आणि त्याचा आठवा भाग म्हणजे एकशे पंचवीस. एवढ्या एका टापूत एकशे पंचवीस विल्यम जोन्स! याउलट जेथे एक आडनाव पाचशेंत एकाचे आणि एक नाव पन्नासांत एकाचे असते, तेथे ती विशिष्ट जोडी पंचवीस हजारांत एकदा येते, म्हणजे दहा हजारांच्या वस्तीत बहुधा तसा एकही माणूस सापडणार नाही. नावांचा साठा थोडा कमी झाला तरी सारखेपणा थोडाच वाढतो असे नाही. दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांशी गुणले जात असल्यामुळे तो झपाट्याने वाढतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १८३७ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि ही अडचण दप्तरात लख्ख दिसू लागली. १८५० च्या दशकातील एका अहवालात नोंदणीच्या प्रमुख अधिकाऱ्यांनी जॉन जोन्स या नावाबद्दल असा शेरा मारला की वेल्समध्ये हे नाव धारण करणारा माणूस कायम अज्ञातच राहतो, आणि बाजारपेठेच्या चौकात हे नाव मोठ्याने पुकारले तरी त्यावरून कोणा एकाचा बोध होणार नाही. आजही वेल्समध्ये जोन्स हे सर्वाधिक आढळणारे आडनाव आहे आणि दर शंभर लोकांत पाचांहून अधिक जण ते लावतात.

कागदोपत्री नाव निरुपयोगी ठरले, तरी गावातले लोक एकमेकांना ओळखण्याचे थांबले नव्हते. त्यांनी नावाच्या पुढे दुसरी ओळख जोडली, आणि मला स्वतःला या साऱ्या विषयात हा भाग सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. दूध घालणारा तो जोन्स दूधवाला, मांस विकणारा तो जोन्स खाटीक, टपाल वाटणारा तो जोन्स टपालवाला. शेतकरी माणसाला त्याच्या शेतघराचे नाव चिकटत असे. इंग्लंडच्या राजा पहिल्या चार्ल्सच्या मृत्युदंडाच्या आज्ञेवर सही करणाऱ्यांपैकी एक जॉन जोन्स होते. वेल्समध्ये त्यांना आजही 'माएसगार्नेथ'चे जॉन जोन्स म्हणून ओळखतात, कारण त्यांचे घर त्या नावाचे होते. कवी आणि स्तोत्रकार आपल्यासाठी टोपणनाव घेत, आणि वेल्समध्ये या टोपणनावाला लेखकाच्या हौसेपेक्षा अधिक किंमत होती; इतक्या जोन्स आणि इव्हान्स मंडळींत आपली कविता आपल्या नावावर राहावी, ही त्यामागची खरी गरज होती. १८९९ साली निधन पावलेले एक स्तोत्रकार विल्यम जोन्स या नावाने जन्मले, परंतु वेल्श वाचकांना ते माहीत आहेत ते 'एहेडिड याल' म्हणून, म्हणजे याल परिसराचा चंडोल पक्षी.

सैन्यात अशा टोपणनावांना जागा नव्हती, म्हणून तेथे आकड्याने काम केले. २२ जानेवारी १८७९ रोजी रोर्क्स ड्रिफ्ट येथे झुलू सैन्याने हल्ला केला, तेव्हा तेथील छोट्या तुकडीत २४ व्या पायदळ पलटणीच्या एका कंपनीचे शिपाई होते आणि त्यांच्यात जोन्स आडनावाचे एकाहून अधिक जण होते. रुग्णालयाच्या टेकडीकडील खोलीचे रक्षण दोघा जोन्सांकडे आले: क्रमांक ५९३ विल्यम जोन्स आणि क्रमांक ७१६ रॉबर्ट जोन्स. छप्पर पेटलेले असताना त्या दोघांनी खोलीतील सात रुग्णांपैकी सहा जणांना बाहेर काढले. सातवा तापाच्या भरात भ्रमिष्ट झाला होता आणि तो वाचू शकला नाही. त्या लढाईसाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आले आणि त्यांत हे दोघेही होते. दोघांचे आडनाव एक, खोली एक, पराक्रम एक. त्यांना वेगळे ठेवणारा क्रमांक हजेरीपटावर होता म्हणून कोणाचे काय झाले हे पुढे नीट सांगता आले. त्याच लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा जॉन विल्यम्स हा प्रत्यक्षात जॉन फील्डिंग होता आणि भरतीच्या वेळी त्याने हे नाव धारण केले होते. ज्याला गर्दीत मिसळून जायचे असेल त्याला याहून सोयीचे नाव वेल्समध्ये मिळाले नसते.

आता भारताशी संबंध आलेल्या विल्यम जोन्स यांच्याकडे वळू. ते तीन वर्षांचेही झाले नव्हते तोच, १७४९ साली, वडील वारले आणि आईने त्यांना वाढवले. १७८३ मध्ये ते कोलकात्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून आले, पुढच्याच वर्षी जानेवारीत त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली, १७८९ मध्ये कालिदासाच्या शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि १७९४ मध्ये कोलकात्यातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या काळीच त्यांना इतर जोन्सांपासून वेगळे करण्यासाठी 'प्राच्यविद्यावाले जोन्स' असे म्हटले जात असे. ते आवश्यकच होते, कारण त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आणखी एक विल्यम जोन्स नावारूपाला आले होते. हे धर्मोपदेशक होते, निसर्गविज्ञानावरही लिहीत, आणि ज्या गावी त्यांनी सेवा केली त्यावरून त्यांना 'नेलंडचे जोन्स' म्हणत. त्यांचा काळ १७२६ ते १८००. वडील जोन्स गणिती, मुलगा जोन्स भाषापंडित आणि हे तिसरे जोन्स धर्म आणि विज्ञान दोन्हींवर लिहिणारे. जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नुसते विल्यम जोन्स असे छापलेले असेल, तर वाचकाने घाईने निष्कर्ष काढू नये, हे यावरून स्पष्ट होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला तर आणखी एक सापळा आहे. अमेरिकेतील फॉक्स या आदिवासी समाजात १८७१ मध्ये जन्मलेले विल्यम जोन्स हेदेखील भाषांचे अभ्यासक होते. त्यांनी १९०४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, फॉक्स भाषेतील कथांचा मोलाचा संग्रह केला आणि १९०९ मध्ये फिलिपीन्समध्ये संशोधन करताना ते मारले गेले. त्यांचे काम थोर आहे आणि ते कोलकात्याच्या जोन्सांच्या कीर्तीखाली झाकले जाते, याचे वाईट वाटते. सारख्या नावामुळे होणारे सर्वांत मोठे नुकसान हेच असते: गोंधळात बहुधा अधिक प्रसिद्ध माणसाच्या पदरात भर पडते आणि दुसऱ्याचे श्रेय नाहीसे होते.

माणसांची नावे वस्तूंना दिली जातात तेव्हा गुंता आणखी वाढतो. तैपेईचा चषक वर उल्लेखलेल्या कोणाच्याही स्मरणार्थ नाही. तो आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या, रोममध्ये जन्मलेल्या रेनातो विल्यम जोन्स यांच्या नावाचा आहे. कोलकात्याच्या जोन्सांच्या वाट्याला आले ते एक झाड. फुललेल्या अशोकाइतके समृद्ध दृश्य वनस्पतिसृष्टीत क्वचितच दिसते, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले होते, आणि त्यांच्या सन्मानार्थ विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी अशोकाला 'जोनेसिया अशोका' हे शास्त्रीय नाव दिले. परंतु वनस्पतींच्या नावांचा एक काटेकोर नियम आहे: एका वर्गाला जे नाव आधी दिले गेले तेच ग्राह्य धरायचे. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस यांनी त्याच वर्गाला 'सराका' हे नाव आधीच दिलेले असल्यामुळे आज हे झाड 'सराका अशोका' आहे. जोन्स गेले आणि अशोक राहिला. असा नियम का लागतो, ते आपल्याकडच्या अशोकावरूनच कळेल. महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला आणि सोसायट्यांच्या कुंपणाशी लावलेल्या उंच, सरळसोट, हिरव्यागार झाडालाही सर्रास अशोकच म्हणतात. त्याचा केशरी फुलांच्या खऱ्या अशोकाशी, म्हणजे सीताअशोकाशी, कुळाचाही संबंध नाही, आणि औषधासाठी साल हवी असेल तर हा फरक माहीत असावाच लागतो.

माणसांसाठी असा 'आधी आलेल्याचे नाव' हा नियम करता येत नाही, मात्र एका क्षेत्रात तो जवळपास पाळला जातो. ब्रिटनमधील नटांच्या संघटनेत दोन सदस्यांनी एकच व्यावसायिक नाव लावू नये अशी रीत आहे, आणि संगीताच्या बाजारातही तोच शहाणपणा चालतो. लंडनमध्ये १९४७ साली जन्मलेल्या डेव्हिड जोन्स या गायकाने १९६० च्या दशकाच्या मध्यावर बोवी हे आडनाव घेतले, कारण डेव्ही जोन्स नावाचा दुसरा गायक तेव्हा लोकांसमोर होता. त्यांचे चिरंजीव मूळ आडनाव लावून चित्रपट दिग्दर्शक झाले, तर डंकन जोन्स हे त्यांचे नाव वेल्सच्या राष्ट्रीय रग्बी संघातील एका खेळाडूशी जुळले. जोन्सपासून दूर जाणे इतके सोपे नाही.

जेथे नाव बदलता येत नाही तेथे अंक जोडावा लागतो. इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी आरोग्यसेवेत प्रत्येक रुग्णाला दहा अंकी क्रमांक असतो. एकाच वॉर्डात दोन विल्यम जोन्स दाखल असतील, तर औषध कोणाला द्यायचे हे नाव आणि जन्मतारखेबरोबरच या क्रमांकावरून पडताळले जाते. त्यातील दहावा अंक पहिल्या नऊ अंकांवरून काढलेला असतो: पहिल्या अंकाला दहाने, दुसऱ्याला नऊने, असे करत नवव्याला दोनने गुणायचे, बेरीज करायची, अकराने भागून उरलेली बाकी अकरातून वजा करायची, आणि येईल तो शेवटचा अंक. अकरा आले तर शून्य लिहायचे आणि दहा आले तर तो क्रमांक वापरायचाच नाही. प्रत्येक जागेचा गुणक वेगळा असल्यामुळे लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर बेरीज बिघडते आणि संगणक तो क्रमांक तत्काळ नाकारतो. नावाच्या बाबतीत अशी सोय नाही. चुकीच्या विल्यम जोन्सचे नाव अगदी शुद्ध लिहिलेले असू शकते.

संशोधकांसाठी २०१२ पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक उपलब्ध आहे. लेखक तो स्वतः घेतो आणि आपल्या प्रत्येक शोधनिबंधाला जोडतो, त्यामुळे समान नावाच्या दुसऱ्या कोणाचे काम त्याच्या नावावर चढत नाही. आद्याक्षरे आणि आडनाव एवढेच छापण्याची ज्या नियतकालिकांची पद्धत आहे, तेथे डब्ल्यू. जोन्स या तीन-चार अक्षरांमागे कितीतरी माणसे दडलेली असतात, म्हणून तेथे याचा विशेष उपयोग होतो.

जे हयात नाहीत ते असा क्रमांक मागू शकत नाहीत. त्यांच्यासाठी ग्रंथालयांनी फार पूर्वीपासून एक पद्धत बसवली आहे: लेखकाच्या नावापुढे जन्म आणि मृत्यूचे वर्ष लिहून एक अधिकृत नोंद तयार करायची आणि त्या माणसाची सर्व पुस्तके त्याच नोंदीखाली ठेवायची. तालिकेत १६७५–१७४९ हे गणिती जोन्स, १७२६–१८०० हे नेलंडचे, १७४६–१७९४ हे कोलकात्याचे आणि १८७१–१९०९ हे फॉक्स समाजातील. एखादे जुने पुस्तक हाती येते आणि त्यावर नाव सोडून काहीच नसते, तेव्हा तालिकाकार प्रस्तावनेची तारीख पाहतो, अर्पणपत्रिकेत कोणाचे नाव आहे ते पाहतो, प्रकाशकाचे गाव आणि विषय तपासतो. प्रस्तावनेवर १७५५ ही तारीख असेल आणि लेखक हयात असल्याचे दिसत असेल, तर गणिती जोन्स बाद होतात. मजकूर धर्मोपदेशाचा असेल तर नऊ वर्षांचा मुलगा तो लिहिणार नाही हेही ठरते, आणि मग नेलंडच्या जोन्सांच्या इतर लेखनाशी तो पडताळून पाहता येतो. एवढे करूनही खात्री पटली नाही, तर पुस्तक अंदाजाने कोणाच्याही पदरी टाकायचे नाही आणि ओळख न पटलेल्या विल्यम जोन्सची नोंद वेगळी ठेवायची, अशी या कामाची शिस्त आहे.